गोषातली गाय

टेंभुर्णीत खोली भाड्यानं घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी मी ओसरीतला दिवा लावला आणि लगेच ओरडा खाल्ला.

"बत्ती बंद करा! गाईला चावून राह्यले!"

काय चावतंय हे न विचारताच मी बटण दाबलं. साप असेल, असं वाटलं होतं. थोड्या वेळानं गोठ्याच्या बाजूनं एक उंच, काटक बाई आल्या. वय साठीच्या आसपास, नऊवारी लुगडं, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत उघडा.

"खोली दाखवताना सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "सांज झाली की दोन तास भाईर बत्ती लावायची न्हाई. पटत नसंल तर आताच सांगा. सामान अजून बांधलेलंच हाय."

या माझ्या घरमालकीण. सगळं गाव त्यांना जिजी म्हणायचं, मीही म्हणू लागलो. मी जमीन मोजणी खात्यात नोकरीला. बायको आणि मुलं जालन्याला, मी शनिवारी घरी जायचो. जिजींकडे मी तीन वर्षं दोन महिने राहिलो. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'मोजणीभाऊ'.

चावत होती ती चिलटं. डास नव्हेत. डास निदान गुणगुणतो. हे चिलट मोहरीच्या दाण्याहून बारीक असतं, आवाज करत नाही आणि मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येतं. सांजेला आणि पहाटे ते जनावराचं रक्त पितं, आणि एकाच्या अंगातला आजार दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडतं. गाईबैलांचा तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, त्याच्यामार्फत पसरतो, मेंढ्यांची जीभ निळी पडते तो रोगही त्याचाच. हे मला नंतर एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनी नीट सांगितलं, पण आधी जिजींनी सांगितलं. त्यांना ते गावातल्या एका जनावरांच्या शिबिरात कळलं होतं. शिबिराला सगळं गाव गेलं होतं. लोक जनावरांना लस टोचून आणि चहा पिऊन परत आले. जिजी तेवढं ऐकून आल्या आणि त्यांनी आपला दिवस त्याप्रमाणे बदलून टाकला.

उघड्या पायाचं कारण असं. रोज सांजेला जिजी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायच्या, एक पाय उघडा टाकून. पहिलं चिलट चावलं की उठून पडदा सोडायच्या.

"आधी मला चावंल, मंग गाईला," त्या म्हणायच्या. "गाईला सांगता येत न्हाई. मला येतंय."

पडदा म्हणजे गोठ्याच्या उघड्या बाजूला लावलेली, जुन्या लुगड्यांची दुहेरी शिवलेली कनात. खाली वाळूच्या पिशव्या, वर खिळे. हिरवं, जांभळं आणि एक काठापदराचं, अशी तीन लुगडी त्यात गेली होती. आत एक गाय आणि एक बैल. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "जिजी, गाय गोषात ठेवली का?" जिजी आतून उत्तर द्यायच्या, "गोषात हाय म्हून चार लिटर देऊन राह्यली. तुझी उघडी फिरती, ती काय देऊन राह्यली?"

वाऱ्याशी त्यांची दोस्ती होती. अंगणातल्या लिंबाला त्यांनी चिंधी बांधली होती. चिंधी हलत असली तर पडदा उघडा, लोंबत असली तर बंद. चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही. "वारा हाय तवर डाक्टर नको," असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर सगळं गाव वाऱ्यासाठी हळहळायचं, तेव्हा जिजीही हळहळायच्या, पण बैलासाठी.

आता मधल्या भिंतीविषयी सांगायला हवं. भिंतीपलीकडे त्यांचे दीर राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला नोकरीला. मी त्यांना काका म्हणायचो. जिजी आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. गावानं मला कारण सांगितलं ते असं: जिजींची गाभण गाय तिव्यानं बसली होती, दिरानं तिला बांबूच्या नळीनं काढा पाजला, पाचव्या दिवशी गाय गेली, तेव्हापासून अबोला.

पण अबोला धरून त्यांचं भागत नव्हतं. जिजींकडे बैल एक, पाखऱ्या. काकांकडे एक, हरण्या. एका बैलानं पेरणी होत नाही. दोघं मिळून सावड करायचे. दोन घरांचे दोन बैल एका जुवाखाली जुंपायचे, आधी एकाचं शेत, मग दुसऱ्याचं. सावड करायची तर बोलावं लागतं. त्यांनी तोडगा काढला होता. ते बैलांशी बोलायचे.

"पाखऱ्या, तुझ्या मालकिणीला सांग, उद्या सकाळी सातला सोड म्हणावं."

"हरण्या, तुझ्या मालकाला सांग, पाखऱ्याच्या खांद्याला जू लागून राह्यलं. आधी चिंधी बांध म्हणावं."

हे मधल्या भिंतीवरून चालायचं, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला पहिले आठ दिवस हसू यायचं. नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातल्या पत्रव्यवहारापेक्षा ते काम लवकर व्हायचं.

मला आकड्यांची खोड आहे. पडद्यामुळे चिलटं कमी होतात, असं जिजी म्हणायच्या. मी एकदा म्हणालो, "किती कमी?"

"लई कमी."

"लई म्हणजे किती?"

"तुम्ही मोजणीवाले ना? मंग मोजा की. सुखाचा पगार घेऊन राह्यले!"

मी मोजली. लग्नातल्या पंगतीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या तीन ताटल्या घरात होत्या. त्यांना एरंडेल लावून एक पडद्याच्या आत टांगली, एक बाहेर. सांज ते रात्रीचं जेवण, एवढा वेळ. सकाळी नकाशे वाचायचं भिंग घेऊन सुईच्या टोकानं एकेक वेगळं करायचो. पंखांवर ठिपके असलेली तेवढी चिलटं धरायची, बाकी किडे सोडायचे. पहिल्या दिवशी बाहेर त्रेचाळीस, आत सहा. जिजींनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. मी म्हणालो, एका दिवसावरून काही ठरत नाही. मग आम्ही एकवीस दिवस मोजली. रोजचा आकडा वेगळा, पण आतला आकडा एकदाही बाहेरच्यापेक्षा जास्त आला नाही. एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

मग मी एक आगाऊपणा केला. उरलेली तिसरी ताटली मधल्या भिंतीजवळ टांगली. तिथे दोन्ही घरांचा मिळून एक सिमेंटचा हौद होता, अर्धा भिंतीच्या इकडे, अर्धा तिकडे. दोन्हीकडची जनावरं त्यात पाणी प्यायची. हौदाला चीर गेली होती. पाणी झिरपून दोन्ही बाजूंना शेणाचा काळा चिखल कायम असायचा. त्या ताटलीवर चिलटं निघाली एकशे अठरा.

मी टेप काढला. चिखलाचा पट्टा साडेसहा मीटर लांब. साडेतीन जिजींच्या बाजूला, तीन काकांच्या. जिजींना जाऊन सांगितलं, "जिजी, चिलटं बाहेरून येत नाहीत. इथेच जन्मतात, या ओल्या शेणात. हौदाची चीर बुजवली तर—"

"तो हौद सामाईक हाय," जिजी म्हणाल्या.

"म्हणून तर. काकांशी बोलून—"

जिजी उठून आत गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आवाज आला, "गंगे, मोजणीभाऊला सांग, चहा झालाय म्हणावं." गंगी म्हणजे गाय. मला बढती मिळाली होती.

चीर तशीच राहिली. दुसऱ्याच्या घरात न मागता टेप धरू नये, एवढं मी शिकलो.

पुढच्या वर्षीची गोष्ट. पेरणीलायक ओल झाली होती. गावात ट्रॅक्टर दोनच, त्यांचे नंबर लागलेले. सावडवाल्यांनी पेरणीच्या तिफणी बाहेर काढल्या होत्या. सोमवारी जिजींचं शेत पेरायचं, बुधवारी काकांचं, असं बैलांमार्फत ठरलं होतं. पेरणी बघायची म्हणून त्या शनिवारी मी जालन्याला गेलो नव्हतो. रविवारी सकाळी भिंतीपलीकडून काकांची हाक आली. "मोजणीवाले, जरा जल्दी या!"

मी गेलो. हरण्या बसला होता. उठवायला गेलं तर पुढचे पाय उचलत नव्हता. अंग तापलेलं, डोळे पाणावलेले, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. आदल्या संध्याकाळी लंगडत होता, असं काका म्हणाले. तिवा. गावात त्या आठवड्यात पाच-सहा जनावरं बसली होती. आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या गावात होते, दुपारनंतर येतो म्हणाले.

काकांना दुपारपर्यंत दम निघणार नव्हता. त्यांनी ओवा, गूळ आणि गोडं तेल घालून काढा उकळला होता. हातात ती बांबूची नळी, एका टोकाला तिरपी कापलेली, वापरून गुळगुळीत झालेली.

"तुम्ही तोंड वर धरा," ते मला म्हणाले. "वेसण अशी वढायची, अन् जबडा दाबायचा. बाकी मी करतो."

मी वेसणीला हात घातला. तेवढ्यात भिंतीवरून जिजींचा आवाज आला. त्या हौदापाशी उभ्या होत्या, आपल्या बाजूला, चिखलात.

"हरण्या, तुझ्या मालकाला म्हणावं, लाळ गळून राह्यली ती पाह्य. ज्याला सोताची थुंकी गिळता येईना, त्याच्या नरड्यात तेल बराबर जाईल का? ते फुफ्फुसात जातंय."

काका हरण्याकडे बघत म्हणाले, "हरण्या, सांग तिकडं. माझ्या बापानं ह्याच नळीनं शंभर जनावरं उठवली म्हणावं."

"तिवा तीनच दिसाचा असतो. उठली ती आपल्या पायानं उठली. नळीनं किती गेली, ती कोणी मोजली का?"

हे वाक्य मला लागलं. उठलेली जनावरं सगळ्यांच्या लक्षात राहतात. गेलेली रोगाच्या नावावर जातात. मोजणारा माणूस असून हे मला सुचलं नव्हतं.

"तुम्ही धरता का न्हाई?" काका माझ्यावर खेकसले.

मी वेसण सोडली.

काका एकटेच हरण्याच्या मानेवर ओणवे झाले. एका हातानं जबडा, एका हातात नळी. हरण्यानं मान झटकली, थोडा काढा त्यांच्या धोतरावर सांडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तेव्हा जिजी बोलल्या. आवाज खाली आलेला.

"हरण्या, पाजणाऱ्याला एकट्याला पाजता येत न्हाई. दोन माणसं लागतात. आमच्या गाईला पाजलं, तवा तोंड म्या धरलं होतं. धरणारी मीच होते. हे मालकाला सांग."

काका ओणवेच राहिले. बारा वर्षं सगळं गाव म्हणत होतं की दिरानं गाय मारली. काकांनाही तेच वाटत असावं की जिजी तसंच म्हणतात. त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. जिजी बैलाकडेच बघत होत्या. मग काका उठले, काढ्याचं पातेलं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन ओतलं. परत येऊन हरण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंग आता करायचं काय, ते तरी विचार तिला."

करायचं ते जिजींना पाठ होतं. खाली जाड भुसकट, वर सावली. पाणी बादलीत पुढं ठेवायचं, ओतायचं नाही. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर खालचा पाय कायमचा जातो. मी कोळशानं भिंतीवर वेळा लिहिल्या: डावी, उजवी, डावी, उजवी, आणि प्रत्येक वेळेपुढे कोणी फिरवलं त्याची खूण. जिजी भिंत ओलांडून आल्या नाहीत, पण त्यांनी आपल्या गोठ्यावरचा पडदा खिळ्यांसकट उपटला आणि भिंतीवरून माझ्या अंगावर टाकला.

"हरण्यापुढं बांधा. गंगे, तू आज उघडी ऱ्हा."

त्या संध्याकाळी गंगी आणि पाखऱ्यापाशी लिंबाच्या पाल्याचा धूर करून जिजी दोन तास पंख्यानं वारा घालत बसल्या होत्या.

डॉक्टर चार वाजता आले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "काही पाजलं का?"

"न्हाई," काका म्हणाले.

"मग काळजी नाही. बहुतेक उठेल." त्यांनी दोन इंजेक्शनं दिली आणि भिंतीवरचा माझा तक्ता बघून म्हणाले, "हे कोणी केलं? असंच चालू ठेवा."

दुसरा दिवस वाईट गेला. सोमवार होता. जिजींच्या शेताची पेरणी व्हायची होती, तिफण अंगणात उभी. शेजारच्या शेतात ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. हरण्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. काका दर थोड्या वेळानं त्या नळीकडे बघायचे. शेवटी त्यांनी मला ती माझ्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितली. आमच्या तक्त्यात त्या दिवशी सात खुणा आहेत. चार काकांच्या, तीन माझ्या. ऑफिसला मी रजा टाकली, कारण 'घरगुती'.

मंगळवारी सकाळी पावणेसातला हरण्यानं बादलीत तोंड घातलं. पाणी घशाखाली उतरताना मानेवर दिसलं. काकांनी माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता. साडेआठच्या सुमारास त्यानं मागचा भाग उचलला, पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबला आणि परत बसला. भिंतीवरून जिजी म्हणाल्या, "घाई न्हाई रे." दुसऱ्यांदा त्यानं जोर लावला आणि उभा राहिला. पाय थरथरत होते, पण चारही जमिनीवर होते.

काका भिंतीकडे वळले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाखऱ्या, तुझ्या मालकिणीला सांग, जोडीदार उठला."

"दिसून राह्यलंय," जिजी म्हणाल्या. एवढंच, आणि ते कोणाला उद्देशून, हे मी सांगू शकत नाही.

पाचव्या दिवशी काकांनी जू बाहेर काढलं. जिजी हरण्याला म्हणाल्या की डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलेत, मालकाचे कान तिव्यानं गेले का विचार. शेवटी पेरणी दहा दिवस उशिरा झाली. आधी काकांचं शेत पेरलं. क्रम बदलायला जिजींनीच लावलं, अर्थात हरण्यामार्फत. त्या वर्षी सोयाबीन किती झालं ते मी सांगणार नाही. उशिराचा तोटा आणि पावसाचा फायदा मला वेगळा काढता येत नाही. दोन्ही शेतं पेरली गेली, हे खरं.

पेरणीनंतरच्या रविवारी मी जालन्याहून परत आलो, तर हौद कोरडा होता. काका आत उतरून चीर सिमेंटनं बुजवत होते. जिजी आपल्या बाजूला टोपलीनं मुरूम टाकत होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला कोणी बोलावलं नाही, म्हणून मी टेप काढला नाही. महिन्यानं मात्र राहवेना, ताटली टांगली. एकतीस. महिना वेगळा, वारा वेगळा, तेव्हा सगळं श्रेय सिमेंटला देता येणार नाही. जिजींनी दिलं.

माझी बदली झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. लम्पीच्या साथीत फोन केला होता. जिजी म्हणाल्या, "लस टोचली. पडदा हाय. घरी लेकराबाळांना मच्छरदाणी लावा, फोनवर पैसे घालवू नका."

मागच्या पावसाळ्यात एका लग्नासाठी टेंभुर्णीला गेलो, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे उतरलो. जिजींना आता कमी दिसतं, पण उंबऱ्यावरची बैठक आणि उघडा पाय तसाच. भिंतीपलीकडे काकांच्या गोठ्यालाही पडदा आहे. पांढरा, धोतरांचा. त्यात जांभळ्या लुगड्याचं एक ठिगळ दिसलं. हरण्या आणि पाखऱ्या दोघंही म्हातारे झालेत, हाडं निघालीत. दोन्ही शेतं आता ट्रॅक्टरनं पेरतात.

मी हिशेबी माणूस. विचारलंच, "जिजी, सावड संपली. मग दोन म्हातारे बैल कशाला पोसता?"

जिजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आख्खं शेत चुकीचं मोजलंय.

"हरण्या इकला तर त्याच्या मालकाशी बोलायचं कसं?"

सांज झाली होती. निघायचं म्हणून चपला शोधायला मी ओसरीतला दिवा लावला. लगेच भिंतीपलीकडून आवाज आला, म्हातारा, पण खणखणीत.

"पाखऱ्या, तुझ्या मालकिणीच्या पाहुण्याला सांग, बत्ती बंद कर म्हणावं. चावून राह्यले!"

मी बटण दाबलं. उंबऱ्यावर जिजी हसल्या, तेवढं ऐकू आलं.

"हरण्या," त्या म्हणाल्या, "केली म्हणावं."